समुद्रकाठची नोकरी

ओल्या मिठाचा वास आला की ते पावसाळ्यातलं बंदर आठवतं. वऱ्हाडात पूर्णा नदीकाठच्या आमच्या गावात विहिरी खाऱ्या. गोड्या पाण्यासाठी आधी आईनं, मग बायकोनं कोसभर पायपीट केली. घराण्यात मी पहिला बी.ए. झालो अन् समुद्रकाठी नोकरी चालून आली. नोकरीचं ते जुनं बंदराचं गाव दाखवायला बायकोला मुंबईमार्गे एका दिवसासाठी नेलं. पावसामुळं समुद्रातल्या किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या बंद, खानावळीही बंद. दमून ती वाळूत बसली, ओंजळीत घेतलेलं समुद्राचं पाणी चाखून थुंकली. “हेबी खारंच! तुमी इथं साहेब, अन् मी पुन्हा घागर घेऊन हिंडू काय?” “अवं, समुद्र खाराच राहते.” “मंग त्याच्यापाशी काहून आणलं मले?” मला हसू आलं, पण घागरी वाहून केस विरळ झालेली तिची टाळू दिसली, अन् ती नोकरी मी नाकारली. अमरावतीत कारकून झालो. आज आमच्या अंगणात नळ आहे, अन् पाणी गोड आहे.