अपडेट यंत्राचं, शंका नानांच्या कानावर

गिटारवाल्यांनो, महिनोन्‌महिने जमवलेला आपला आवाज एका अपडेटमध्ये बदलतो, आणि आपण गप्प बसतो!

आज दुपारी गणपतीपुळ्याच्या कार्यक्रमाची तालीम होती. आमच्या सत्तरीच्या गायक नानांना कमी ऐकू येतं. माझ्या गिटारचा भरदार सूर ओळखून ते गाणं उचलतात. आज तीनदा चुकले.

"माझा कान गेला रे. दुसरा गायक बघा," म्हणत खालीच बसले.

तेव्हा मला आठवलं, सकाळीच मी गिटारचा आवाज घडवणारा ॲम्प मॉडेलर अपडेट केला होता. सेटिंग तीच, आवाज मात्र पातळ.

"नाना, कान होता तसाच आहे तुमचा. माझं यंत्र बदललंय."

"मग आधी नाय सांगायचंस, मेल्या?"

जुनं व्हर्जन परत टाकायची सोयच नाही. म्हणून आजच आपापल्या मॉडेलरच्या कंपनीला लिहा: ती सोय द्या.