पेंटरच्या पिवळ्या खुणा

पेंटरना रानात जास्त खुणा आवडत नसत. "शंका आली की खूण दिसली पाहिजे. शंका नसताना मारलेली खूण म्हणजे नुसती बडबड," असं ते म्हणायचे, आणि बडबडीचा त्यांना मनापासून कंटाळा होता. शहराबाहेरच्या शेवटच्या बसथांब्यापासून नदीच्या वरच्या बंधाऱ्यापर्यंत, आपल्या भटकंती मंडळाच्या पायवाटांवर झाडांना आणि खडकांना पंजाएवढे पिवळे पट्टे दिसतात. त्यांतले बहुतेक त्यांनी मारलेले आहेत. नव्या सभासदांनी त्यांना पाहिलेलं नाही. गेल्या महिन्यात ते वारले. मंडळाच्या अंकात त्यांच्यावर कोणी लिहायचं असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण त्यांच्याबरोबर सर्वांत जास्त रविवार मी काढले होते. लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळाला असता. पण यातली एक गोष्ट दुसऱ्या कोणाला माहीत नाही, म्हणून मी हो म्हटलं.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. त्यांचं दुकान एका शिंप्याच्या जिन्याखाली होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. भिंतीला पाट्या टेकवून ठेवलेल्या असत. एका पाटीवर नुसतं 'येथे' एवढंच लिहिलेलं होतं, पुढचं सांगायला गिऱ्हाईक परत आलंच नव्हतं. "येथे काय?" असं कोणी विचारलं की पेंटर म्हणत, "काहीही. पाहिजे तर घेऊन जा." फुटपट्टी त्यांच्याकडे नव्हती. खडू लावलेली दोरी ताणून एक रेघ उमटवायची, काठीवर मनगट टेकायचं आणि सुरू. दोन अक्षरांमध्ये किती जागा सोडायची हे ते नजरेने ठरवत. आणि ते कधी चुकलं नाही. समोरचा घड्याळजी म्हणायचा, माझ्या घड्याळांपेक्षा यांची अक्षरं वेळेवर येतात.

चाळिशीत त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून एक दिवस तरी टर्पेंटाईनच्या वासातून बाहेर पडा. वहिनींनी तर आधीच सांगून ठेवलं होतं, "इतर बायकांचे नवरे दारूचा वास घेऊन येतात, माझा टर्पेंटाईनचा. देवाने मला काय निवडून दिलंय!" तेव्हा पेंटर आपल्या मंडळात आले. दोन रविवार नुसते चालले. तिसऱ्या रविवारी ब्रश आणि डबा घेऊन आले. वास काही सुटला नाही.

मी त्यांना भेटलो तो चुकल्यामुळे. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून होतो, लग्न केलं नव्हतं, थोरल्या भावाच्या घरी राहत होतो. रविवारी घरात अडचण नको म्हणून भटकंतीला आलो, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मागे राहून हरवलो. पेंटर मला शोधत आले तेव्हा मी एका वीटभट्टीपाशी बसलो होतो.

"इथे कसे पोचलात?"

"खुणा बघत बघत."

"कुठल्या खुणा?"

मी दाखवल्या. ठेकेदाराने तोडायच्या झाडांवर मारलेले पिवळे गोळे होते ते. मी तोडायच्या झाडांच्या मागोमाग दीड मैल चाललो होतो. पेंटर खाली बसून हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पुढच्या रविवारी या. मला अगदी तुमच्यासारखाच माणूस पाहिजे होता."

त्यांच्या कामाची रीत अशी होती. ज्याला वाट माहीत आहे त्याला खूण कुठे हवी ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नव्या वाटेवर मी पुढे चालायचं आणि त्यांनी वीस पावलं मागून, काही न बोलता. मी जिथे थबकेन तिथे त्यांना खूण हवी. थबकल्यावर माझी मान आधी जिकडे वळेल, त्या बाजूच्या झाडावर पट्टा मारायचा. आधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडायचं, मग एकाच ओढीत रंग. मी चुकलो तर हाक मारायची नाही. मी पुरता चुकून परत येईपर्यंत ते दगडावर बसून थांबत. "सावकाश चुका, घाई नाही," असं वर सांगत. मला त्यांनी 'चकवे' नाव ठेवलं. "आमचे चकवे उभ्या जागी चुकतात," अशी ते माझी ओळख करून देत, आणि दुसऱ्या कशाबद्दल माझं इतकं कौतुक कधी झालेलं मला आठवत नाही.

अशी सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत, नको म्हटलं तरी, मी रान शिकलो. चालून चालून माणसाला कळायला लागतंच. पेंटरच्या ते लक्षात येत होतं. "चकवे, तुम्ही हुशार व्हायला लागलात. काही खरं नाही आता." एकदा मंडळात एक कंपाउंडर नव्याने आला. पेंटर मला कौतुकाने सांगू लागले, "काय चुकतो हो तो! सरळ रस्त्यावर चुकला. हाडाचा चुकणारा आहे." मी हसलो. पण पुढच्या रविवारी मी दोन ठिकाणी मुद्दाम थांबलो.

त्या वर्षी पुरात नदीकाठची वाट वाहून गेली. पाणी ओसरल्यावर समितीने नवी वाट ठरवली. एका मोठ्या काळ्या दगडापाशी काठ सोडून उजवीकडे चढावर वळायचं, असं ठरलं. दगडाच्या पुढेही काठाने एक छान रुळलेली वाट दिसते, पण ती मासे धरणाऱ्यांची. पन्नास पावलांवर ती खाली पाण्यात उतरते. येत्या रविवारी खुणा मारायच्या होत्या. मला बुधवारी सुट्टी होती. पुराने काय काय नेलं ते बघावं म्हणून मी एकटाच गेलो. मासे धरणारा एक जण भेटला, त्याने दगडामागचा चढ दाखवला. मी वर जाऊन आलो.

रविवारी बसमध्येच पेंटरना सांगायला हवं होतं की ही वाट मी पाहिली आहे. त्यांनी मला मागे ठेवून कंपाउंडरला पुढे काढलं असतं, एवढंच. तेवढंच मला नको होतं.

ठरवलं की नवख्यासारखं चालायचं. एका आडव्या पडलेल्या झाडापाशी मी थांबलो, डोकं खाजवलं, इकडेतिकडे पाहिलं. तिथे खरं तर शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पेंटरनी मुकाट्याने पट्टा मारला. पुढे दगड आला तेव्हा माझ्या मनात आपलं नाटक कसं झालं हाच विचार चालला होता, आणि पाय आपसूक उजवीकडे वळले. मागून पेंटरचा आवाज आला, "वा! इथे खुणेची गरजच नाही. दगड स्वतःच माणसाला वर पाठवतोय." तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी चढत राहिलो.

महिन्याभराने एक निवृत्त नर्सबाई त्या वाटेने एकट्या गेल्या. दगडापाशी त्यांना खूण दिसली नाही, म्हणून त्या सरळ काठाने गेल्या आणि उतारावर घसरल्या. घोटा मोडला. चार तास पाण्यात पाय घेऊन बसल्या होत्या, तेव्हा कुठे मासे धरणाऱ्यांनी त्यांना पाहिलं.

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत सभा झाली. मंडळाचे चिटणीस तेव्हा दातांचे डॉक्टर होते. नर्सबाई प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "अहो, एवढं काय त्यात! मीच भान ठेवलं नाही."

डॉक्टरांनी पेंटरना विचारलं, "दगडावर खूण का नाही?"

"तपासलं होतं," पेंटर शांतपणे म्हणाले. "ती वाट कधी न पाहिलेला माणूस न थांबता वर वळला. विचारा चकव्यांना."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "त्याआधी तुम्ही ती वाट पाहिली होती का?"

खोलीत वीसेक माणसं होती. कंपाउंडर पण होता. नर्सबाईंचा पाय माझ्या अगदी समोर होता.

"नाही," मी म्हणालो.

पेंटरनी मान हलवली. थोडा विचार करून म्हणाले, "मग चूक माझी. यांना काहीतरी दिसलं असणार ज्यामुळे हे वळले, आणि ते मला दिसलं नाही. एवढं साधं दिसत नसेल तर माझ्या हातात ब्रश नको." डबा त्यांनी बरोबर आणलेला होता. तो टेबलावर ठेवला आणि ते खाली उतरले. मी त्यांच्या मागोमाग गेलो नाही.

मला वाटलं होतं, रविवार सुटतील, दुकान तर आहे. पण पुढे दुकानात गेलो तेव्हा ते फुटपट्टी लावून दोन अक्षरांमधली जागा मोजत होते. मोजून झाल्यावर रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाला आत बोलावलं आणि विचारलं, "अहो, हे सरळ आहे का बघा जरा." तो म्हणाला, सरळ आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भावजी, तुम्ही तरी समजवा. दोनदा डोळे तपासून आणले. डॉक्टर म्हणतात, डोळे उत्तम आहेत. हे म्हणतात, डोळे असतील उत्तम, नजर गेली." मी चहा प्यायलो आणि घरी आलो. असा चहा मी पुढच्या दोन वर्षांत कितीदा तरी प्यायलो. मग त्यांनी हाताने लिहिणं सोडून दिलं, यंत्रावर कापलेली प्लास्टिकची अक्षरं चिकटवायला लागले, आणि एक दिवस जिन्याखालचं दार लावून टाकलं. वहिनी गेल्यावर ते मुलीकडे राहायला गेले.

मी सांगितलं ते गेल्या वर्षी, सभेनंतर अकरा वर्षांनी. मुलीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सारख्या दिसणाऱ्या इमारतींमध्ये. बसथांब्यापासून पाच मिनिटांचा रस्ता, मला तास लागला. पेंटर खिडकीपाशी बसले होते. छाती पार खंगली होती. मी चप्पल काढल्या काढल्या बोलायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा चहा आला असता.

"पेंटर, ती नदीकाठची वाट मला माहीत होती. बुधवारी मी एकटा जाऊन आलो होतो. सभेत मी खोटं बोललो."

पेंटर हसायला लागले, हसता हसता खोकला आला. मुलगी पाणी घेऊन धावत आली. तिला म्हणाले, "ऐकलंस का? यांना म्हणे वाट माहीत होती! आज थांब्यापासून आपल्या दारापर्यंत तास लावलाय यांनी."

"खरंच सांगतोय."

"एकटे गेला होतात? तुम्ही? आणि परत आलात?"

"मासे धरणारा एक जण भेटला. त्याने दाखवली."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही."

"बघा. खोटं बोलायलासुद्धा सराव लागतो, चकवे." पाणी पिऊन त्यांनी पेला मुलीकडे दिला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एक कबूल करतो. त्या सभेत मला वाईट वाटलं होतं. वाटलं, माझी बाजू राखायला हा माणूस 'पाहिली होती' एवढं एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण तुम्ही नाही बोललात. तेव्हाच ठरवलं, हा माणूस सांगेल ते खरं. आता या वयात माझ्यासाठी ते मोडू नका."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. दगड कसा, चढ कसा, सगळं वर्णन केलं. ते मान हलवत राहिले, आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून कोणी काही बोलत असेल तर आपण हलवतो तशी. शेवटी म्हणाले, "फार चांगले आहात तुम्ही." नंतर चहा आला.

त्यानंतर आमची भेट झाली नाही.

मंडळाच्या सभेच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: 'खुणा मारणाऱ्याच्या नजरचुकीमुळे अपघात.' ती बदलून माझं नाव घालावं, अशी मी समितीला विनंती केली. आताचे चिटणीस भले आहेत, म्हणाले, "काका, कशाला जुनं उकरता? तेही गेले आता." म्हणून ते मी इथे लिहून ठेवतो. नजरचूक झाली नव्हती. त्यांनी त्या दिवशी जे पाहिलं ते बरोबरच पाहिलं. एक माणूस न थांबता वर वळला होता.