तात्यांच्या गाडीचा शंख

मी काही लिहावं असा माझा वकूब नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी लिहिणं म्हणजे सही करणं, आणि तीही एकट्या तात्यांना येते. बाकीचे अंगठा उठवतात आणि सुखात आहेत. मी कॉलेजात गेलो, म्हणून घडलेलं मीच लिहून काढावं असं मित्रांचं म्हणणं पडलं. शुद्धलेखनाच्या चुका होतील. त्या पोटात घालाव्यात. मी गाडीत केलेल्या चुकांपुढे त्या किरकोळ आहेत.

तर आमच्या तात्यांची मोटार बायका दिसल्या की शिट्टी वाजवायची.

तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते. लष्करात ड्रायव्हर होते. उभ्या नोकरीत त्यांनी साहेबांना फिरवलं, साहेबांच्या बायकांना फिरवलं, साहेबांच्या कुत्र्यांनाही फिरवलं. साहेबांच्या मुली लग्न होऊन निघाल्या, तेव्हा त्यांना सोडायला गाडी घेऊन तात्याच गेले. पेन्शनीत आले तेव्हा त्यांच्या मनात एकच इच्छा उरली होती. स्वतःची लेक सुमन हिला सासरी सोडायला स्वतःची गाडी, आणि चाकावर स्वतः.

"दुनियेच्या पोरी मी सासरला पोचवल्या," ते काकीला म्हणायचे. "माझी काय यस्टीनं जायाची?"

कोयनानगरला धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना आपली गाडी मागे ठेवून गेला होता. होडीएवढी लांब, चाक डाव्या हाताला. बंगल्यामागे चिंचेखाली तिने दोन-तीन पावसाळे काढले होते आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. "इंजान लय ताकदीचं हाय," एवढंच विकणाऱ्याला ठाऊक होतं. तात्यांनी ती घेतली आणि ट्रकमागे बांधून कोरेगावजवळच्या आमच्या गावी आणली. (दोन कोंबड्याही आल्या. त्या मागायला कुणी आलं नाही.)

मग तात्या गाडीच्या मागे लागले. टाकीतला गंज धुतला, कार्बोरेटर उकलून रॉकेलमध्ये बुडवला, उंदरांनी खाल्लेल्या वायरी बदलल्या. एके दिवशी गाडी सुरू झाली. सारं गाव गोळा झालं. तात्यांनी चाक हातात घेतलं, गाडी निघाली, आणि पाणवठ्यापाशी चढ लागला म्हणून त्यांनी पाय दाबला.

गाडीने शिट्टी घातली. बारीक सुरू होऊन चढत जाणारी, एखाद्या उनाड पोराने घालावी तशी.

पाणवठ्यावर गावातल्या निम्म्या बायका होत्या. तात्या हा असा माणूस, की परक्या बाईशी बोलायची वेळ आली तर शेजारच्या झाडाशी बोलतो. पारूआजीने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "मेल्या, लेकीचं लगीन काढलंस आन् ह्या वयात ह्ये सुचतंय व्हय?"

"आजी, म्या न्हाई, गाडीनं," तात्या झाडाकडे बघत म्हणाले.

"गाडीला कुणी शिकवलं मग?"

तेव्हापासून पाणवठा आला की तात्या इंजिन बंद करून खाली उतरत आणि गाडी ढकलत नेत. बायका गेल्या की परत आत बसत.

सुमनचं लग्न पाटणच्या पुढे, घाटावरच्या गावात ठरलं. सुपारी फोडायला आम्ही गाडीनेच गेलो. घाट गाडीने असा ओढला की मागच्या सीटवर काकी डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. प्रत्येक वळणावर शिट्टी. सुमनचे होणारे सासरे, सगळे त्यांना बापू म्हणतात, मिशीवाले आणि फारसं न हसणारे. परत निघताना तात्या गाडी वळवत होते, तेव्हा बापू माझ्याजवळ आले. गाडीकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "पोरा, वरातीलाबी शिट्टी वाजणार न्हवं?"

इथे माझ्याविषयी सांगणं भाग आहे. मी तेव्हा सांगलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. माझं 'हाय' आणि 'न्हाय' ऐकून वर्गातली मुलं हसायची. म्हणून मी कानावर पडलेलं गावाकडचं प्रत्येक वाक्य मनातल्या मनात शुद्ध करून घ्यायची सवय लावली होती. बापूंचं वाक्यही केलं. न्हवं म्हणजे नव्हे. नव्हे म्हणजे नको.

गाडीत बसताच तात्यांना सांगितलं, "वरातीला शिट्टी चालणार नाही म्हणाले."

तात्यांचा चेहरा उतरला. घाट उतरल्यावर ते म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. त्यांच्या गावातबी बायामाणसं हायती. सदा, तू शिकल्याला हायस. ह्येचं काय तरी कर."

माझ्या जन्मात मला कुणी एवढं मोठं काम सांगितलं नव्हतं. तात्यांनी गाडी सांगलीला आणून दिली आणि ते एस.टी.ने परत गेले. मी ती आमच्या वसतिगृहाजवळ, बाबूमिस्त्रीच्या गॅरेजात लावली. बाबूमिस्त्रीचा हात जीप आणि ट्रकवर बसलेला. त्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ डोकं आत घालून उभा राहिला.

"ह्यो शंख कशाला ठेवलाय हितं?"

"शंख?"

"बघ की. कशी गुंडाळी हाय. इंजनाचा धूर हिकडनं आत शिरतूया, गोल फिरून तिकडनं भाईर. आत पंखा हाय. शिट्टी त्येचीच."

"पण तो असतो कशाला?"

"कॉलेजात तू हायस का मी?"

मी ग्रंथालयात गेलो. मोटारींवरचं एकच इंग्रजी पुस्तक होतं, माझ्या वडिलांच्या वयाचं. त्यात इंजिन होतं, कार्बोरेटर होता, धुराडं होतं, शंख नव्हता. म्हणजे तो इंजिनाचा भाग नाही. मग काय असेल? मी विचार केला. (तो करायला नको होता.) साहेब थंड मुलखातला. गाडी थंड मुलखातली. गरम धूर आत फिरवून आणायचा, तो कशासाठी?

"ऊब मिळावी म्हणून," मी बाबूमिस्त्रीला सांगितलं.

"म्हंजी हिटर?"

"असावा."

"सांगलीत हिटर? हितं मान्सं वाफलून निघत्यात, गड्या." आणि त्याने पाना उचलला.

आमच्याकडे बिनडोक माणसालाही शंखच म्हणतात. त्या दिवशी एक शंख गाडीतून निघाला, आणि दुसरा बाजूला उभा राहून कुठला नट आधी सोडावा ते सांगत होता. बाबूमिस्त्रीने मधे साधी नळी जोडून दिली. गाडी सुरू केली. आवाज नाही, काही नाही. गाईसारखी गरीब.

तात्या गाडी न्यायला आले. मी शेजारी बसलो. कऱ्हाडपर्यंत त्यांचा कान इंजिनाकडे होता. मग म्हणाले, "सदा, दम कमी वाटतूया रं."

मी म्हणालो, "तात्या, आवाज ही एक शक्ती असते. आजवर ती शिट्टीत वाया जात होती. आता वाचली. वाचलेली शक्ती चाकांना मिळणार."

"व्हय?"

"पुस्तकात आहे."

"मग झालं," तात्या म्हणाले.

नुसत्या आवाजावरून ट्रकचं दुखणं ओळखणारा हा माणूस. त्याने आपल्या कानावरचा विश्वास काढला आणि माझ्यावर ठेवला. हे दोन शब्द, 'मग झालं', मला अजून परीक्षेच्या पेपरात मधेच ऐकू येतात.

लग्न आमच्या दारात झालं. बापू आणि वऱ्हाडी मंडळी ट्रकने पुढे गेली. मागून तात्यांची गाडी. तात्यांनी इस्त्रीचा खाकी कोट घातला होता. शेजारी जावई शंकरराव. मागे सुमन, काकी, करवली आणि मी. सपाटीवर गाडी सुरेख चालली. पाणवठ्यावरून गेली तर बायकांनी वर बघितलंसुद्धा नाही. मला धन्य वाटलं.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी थकली. तात्यांनी पहिला गिअर टाकला. तिसऱ्या वळणावर आमच्यापुढे एक बैलगाडी निघून गेली.

"जरा उतरा," तात्या म्हणाले. मी उतरलो. मग करवली उतरली. मग काकी. मग शंकरराव उतरले आणि मुंडावळ्या कानामागे सारून गाडी ढकलू लागले. शेवटी तात्यांनी मागे न बघता म्हटलं, "सुमे, तूबी उतर बाळ." तेव्हा बॉनेटमधून वाफ निघू लागली.

"शिट्टी घालीत हुती तवा चढत हुती की वो," काकी म्हणाली.

"इंजिन तापलंय, काकी," मी म्हणालो.

"त्येचा हिटर काडलास न्हवं तू?"

मागून एस.टी. आली. कंडक्टरने नवरा-नवरी बघून उतारूंना उठवलं आणि जागा करून दिली. सुमन ओटीतला नारळ धरून पायरीपाशी थांबली. "तात्या, तुमीबी चला."

"गाडी रस्त्यात टाकून ड्रायवर जात नसतूय. सदा, तू जा तिच्यासंगं."

एस.टी. निघाली तेव्हा तात्या गाडीची काच पुसत होते. काच स्वच्छ होती. त्यांनी मान वर केली नाही.

गावाच्या वेशीत हलगीवाले रस्त्याकडेला विड्या ओढत बसले होते. एस.टी.तून नवरी उतरली, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सारे घाटाकडे कान लावून होते. बापू लगबगीने आले. "आरं, तुमी असं कसं आलासा? शिट्टी न्हाई ऐकू आली ती?"

"शिट्टी..." मी म्हणालो.

"आरं, कोयनेच्या धरणावर मी मजुरीला हुतो तवा त्यो साहेब ह्याच गाडीतनं यायचा. शिट्टी वाजली, की आमी डोईवरल्या वझ्यासकट चरीत उड्या टाकायचो. म्हटलं, आता त्याच गाडीत माझी सून येणार. ऐकू दे साऱ्या गावाला. शिट्टी वाजली की हलगी सुरू, असं सांगून ठेवलंय. तुला इचारलंबी हुतं की, वाजणार न्हवं म्हणून."

सुमन पदराआडून हळूच म्हणाली, "दादा, सांगलीला न्हवंचा अर्थ निराळा असतूय व्हय?"

सांगलीला परतल्यावर फिजिक्सच्या सरांना शंखाचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "हा टर्बोचार्जर. बाहेर जाणाऱ्या धुरावर पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. इंजिनाची सगळी ताकद याच्यावर. कुठे पाहिलास?" मी म्हणालो, पुस्तकात. तिथून पळत बाबूमिस्त्रीकडे गेलो. शंख त्याने भंगारात दिला होता, भंगारवाल्याने मिरजेला. "वितळलाबी आसंल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलला.

त्यानंतर मी घरी गेलो नाही. मे महिन्यात अभ्यास आहे म्हणून कळवलं, जूनमध्ये पाऊस आहे म्हणून. तात्या रागावले असते तर गेलो असतो. पण ते एका शब्दाने रागावले नव्हते, आणि त्या माणसासमोर जेवायला बसायचं मला धाडस नव्हतं. त्यांनी जन्मभर एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी पान्याने सोडून काढली होती.

नागपंचमी झाली, आणि काकीने दिलेलं चटणीचं गाठोडं घेऊन आमच्या गावचा मारुती, सातारा-सांगली गाडीवरचा कंडक्टर, स्टँडवर भेटला.

"सुमी आलीया माहेरला," तो म्हणाला. "तुझं तात्या गाडी घिऊन गेलं हुतं आणाया."

"गाडी? आणि घाट?"

"चढलं की. उलटं."

"उलटं म्हणजे?"

"रिवर्समदी. त्या गेरला जोर जास्त असतूय म्हणं. सगळा घाट मान मागं वळवून चढलं. पाटणच्या यस्टीचा डायवर मागं हुता, म्हंजी, फुडं. आरं, दोघं समुरासमूर हुतं. प्रत्येक वळणाला तात्या त्याला सलाम ठोकायचं. येताना आलं सरळ, उताराला काय लागतंय."

"गावात काय म्हणाले?"

"वेशीत गाडी आली ती पाठ दावून. सगळं गाव बघाया. बापूंनी हलगी लावली तरीबी. मग इचारलं, 'इवाई, ही गाडी अशी उलटी का हो चालती?' तर तात्या उतरलं, कोट सारखा केला आन् चारचौघांत छाती काढून सांगितलं, 'आमच्या सदानं दुरुस्त केलीया. सांगलीला सायन्सला हाय त्यो.'"

मी गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. "हसले असतील लोक."

"तात्या न्हाई हसलं. खरंच सांगत हुतं ते." मारुतीने घंटीची दोरी ओढली आणि जाता जाता पायरीवरून म्हणाला, "आता त्या गावात कुणाचं पोरगं सायन्सला जातू म्हणालं, की म्हातारी मान्सं आदी इचारत्यात, सरळ का उलटं?"