पाटातला भुस्सा आणि नानासोंचा ऊस

आष्ट्याच्या आकारामला गाव ‘यंत्राचा डाक्टर’ म्हणायचं, आणि डॉक्टरला गाठावं तसंच वाटेत गाठायचं. प्रश्न ठरलेला, आमचा ऊस कवा तुटनार रं? अठ्ठ्याहत्तर साली साखर कारखान्यानं सांगलीत कॉम्प्युटर आणला, तोडणीच्या पाळ्या त्याच्यावर सोपवल्या आणि तो चालवायला आकारामला बसवलं. तेव्हापासून या माणसाला चहाच्या गाड्यावर एक कप निवांत पिता येईना.

यंत्र लागणीची तारीख बघून पाळी लावी. वशिला नाही, ओळख नाही. पण दर आठवड्याला पाळ्या छापल्या की त्यातून एक शेतकरी गायब व्हायचा, तोही नेमका नानासो, आकारामचे सासरे. सकाळी यंत्रात घातलेलं नाव संध्याकाळी डिस्कवर नसे, आणि यंत्रात नाव नाही त्याच्या रानात तोडणीची टोळी जात नसे. हातानं नाव घुसडावं, तर गाव म्हणणार, बघा, जावई सासऱ्याला पुढं काढतोय. न घुसडावं, तर त्याची बायको अंजना जेवायला वाढताना भांडी जरा जोरातच ठेवायची.

आकारामनं आपला प्रोग्रॅम तपासला. तो निर्दोष निघाला. गडबड त्याच्याही खाली, यंत्राच्या गाभ्यात होती. यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं दिलेला मूळ प्रोग्रॅमच सगळ्या नोंदी उचलून डिस्कवर नेऊन ठेवी. तिथं हात घालायला छाती लागते. तरी त्यानं ठरवलं की नाव ज्या वाटेनं डिस्ककडं जातं, त्या वाटेवर जागोजागी एकेक ओळ घालायची. नाव तिथवर पोचलं की यंत्रानं ‘इथवर आलं’ असं छापायचं. छापणं थांबेल तिथं चोर.

नानासोंना हे लगेच पटलं. उसाचं पाणी कुठं मुरतंय ते कळेना, की ते पाटात मूठभर भुस्सा सोडत. भुस्सा जिथं गरगरून खाली ओढला जाई, तिथं उंदराचं बीळ.

“टाका भुस्सा, जावईबापू,” ते म्हणाले. “बीळ घावतंयच.”

भुस्सा टाकला. प्रिंटर खडखडला, ‘इथवर आलं, इथवर आलं’ करत हातभर कागद बाहेर आला आणि नानासोंचं नाव सुखरूप डिस्कवर जाऊन बसलं. आकाराम खूश. चोर सापडलाच नाही, हे जरा उशिरा ध्यानात आलं. त्यानं त्या ओळींच्या खुणा काढल्या, नाव गेलं. परत घातल्या, नाव आलं. छापण्यात यंत्राचा क्षणभर मोडतो, तेवढ्यात मागं पडलेली संथ डिस्क यंत्राला गाठत असावी, असा त्याचा अंदाज. म्हणजे भुस्स्यानंच बीळ बुजत होतं, आणि बुजलेलं बीळ शोधणार कसं? छापण्याऐवजी त्यानं यंत्राला नुसतंच थांबायला सांगून पाहिलं. त्या दिवशी यंत्रानं शेती अधिकारी आप्पासाहेबांच्या मेहुण्याचं नाव गिळलं.

आप्पासाहेबांनी बोलावून घेतलं. कागदाचा ढीग दाखवला.

“एवढं छापून सापडलं काय?”

“काहीच न्हाई, साहेब. पण खुणा काढल्या की नाव जातंय.”

असं उत्तर देणाऱ्या माणसाला कागद कोण देणार? खुणा निघाल्या. नानासोही यादीतून निघाले.

फेब्रुवारी सरला. तुरे कधीच येऊन गेले होते, आता ऊस आतून पोकळ पडत होता. आकाराम कंपनीला तारा करी, कंपनी धीर धरा म्हणे. नानासो त्याला एका शब्दानं दुखवत नव्हते, आणि तेच त्याला जास्त लागे.

मार्चात एका दुपारी तो आष्ट्याला एसटीतून उतरला, तर मळ्याकडं धूर. पळत गेला. नानासो बांधावर उभे होते, हातात काड्याची पेटी. उसाचं वाळकं पाचट चटचट पेटत होतं. जळलेला ऊस कारखाना दर कापून घेतो, पण सगळ्यांच्या आधी तोडतो. आणि त्याची नोंद यंत्र करत नाही, कारखान्याचा चिटबॉय रानात येऊन डोळ्यांनी बघून करतो. हे पोराटोरांनाही ठाऊक.

“मामा, काय केलंसा हे?”

“यंत्राला दिसंना, मग मान्साला दाखवला,” नानासो म्हणाले. “तुमी काय मनाला लावून घिऊ नगा. लय खटपट केलीसा.”

तेवढ्यात वारं फिरलं आणि ठिणग्या शेजारच्या रानाकडं निघाल्या. नानासोंनी लिंबाची एक ओली फांदी मोडून त्याच्या हातात दिली, आणि यंत्राचा डॉक्टर बांधावरून पळत एकेक ठिणगी झोडपत सुटला.