सरूबाईची पित्ताची गोळी

सरूबाईला पित्त कधीच नव्हतं. नवरा गेल्यावर बिडकीनचं घर आवरून ती उस्मानपुऱ्यात मुलाकडे, सोमनाथकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली होती. दुखणं नवऱ्याकडून आलेलं. बाटलीवरचा कागद तिनं आधीच खरवडून काढला होता. सून सायलीनं विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते सांगून ती मोकळी झाली, "पित्ताची हाय."

खोटं बोलण्यामागं एकच धास्ती होती. नात संस्कृती पहिल्या दिवसापासून तिच्या कुशीत झोपायला लागली होती. खरं कळलं तर पोर उचलून नेतील.

सायली मायाळू. तिनं औरंगपुऱ्यातून पित्तावरचं गुलाबी पातळ औषध आणलं. सासूनं गोळी गिळली की समोर उभी राहून दोन चमचे पाजायची. "तोंड वाकडं करू नका आत्या, नात हसतीय," म्हणायची. सासूला ती आत्या म्हणे, सासऱ्याला मामा.

वर्षभरानं तपासणीत रक्तातला विषाणू वाढलेला निघाला. दवाखान्यातल्या समुपदेशक सुलेखा मॅडमनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा गुलाबी औषधाचं बाहेर आलं.

"तुमच्या गोळीत डोल्युटेग्रेविर असतं," मॅडम म्हणाल्या. "त्याला धातू धरायची खोड आहे. विषाणू ज्या अवजारानं आपल्या पेशीत स्वतःला जोडून घेतो, त्यात मॅग्नेशियम असतं. औषध तेच धरतं आणि अवजार बंद पाडतं. पण पित्ताच्या औषधातही मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम. मग गोळी पोटातच त्यांना चिकटून बसते, रक्तात पुरेशी जातच नाही."

"म्हंजी नवरी सासरी निघाली अन् वेशीतच बसली."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "असंच चाललं तर ही गोळी लागू पडायचीच बंद होईल. तुम्हाला तर पित्तच नाही. नको म्हणा ते औषध."

सरूबाईनं घरी नको म्हणून पाहिलं. सायली ऐकेना. "पित्त उसळलं म्हंजी निस्तरायला मीच हाय. तुमची बाटली द्या, मेडिकलवाल्याला दाखवून विचारते." तिनं हात पुढं केला.

आता नवं खोटं सुचेना. सरूबाईनं ओट्याजवळ उभ्याउभ्याच, खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

सायली ओट्याला टेकली. "मामांपासून?"

"व्हय."

"यांना ठाऊक हाय?"

"नाय. बापाचं नाव घेतल्याबिगर त्याचा दिवस जात नाय. कसं सांगू?"

"नकाच सांगू." सायलीनं गुलाबी औषध मोरीत ओतलं. "पण गोळी रोज माझ्यादेखत घ्यायची. चुकवायची नाय."

"संगं झोपल्यानं लागत नाय, मॅडम म्हणल्या."

"कळतं मला, आत्या. शिकलेली हाय मी."

सरूबाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. जेवणं झाल्यावर तिनं गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेतली. संस्कृती उशी काखेत मारून आजीच्या खोलीकडं निघाली, तोच सायलीची हाक आली, "इकडं ये गं. उद्या शाळेला लवकर उठायचंय."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पोर तेच सांगत आईशी हुज्जत घालायला लागली. सरूबाईनं तिच्या काखेतली उशी काढून घेतली, सुनेच्या हातात दिली अन् नातीला म्हणाली, "जा बाई. मी लई घोरते, तुझी झोप मोडती."