उघड्या डोळ्यांची प्रार्थना

आमच्या घरातलं कुठलंही वाहन प्रार्थनेशिवाय जागचं हललेलं मला आठवत नाही. पुण्यात वडील स्कूटर काढायचे तेव्हा पुढे मी उभी, मागे आई, आईच्या मांडीवर धाकटा भाऊ, आणि चौघंही मान खाली घालून डोळे मिटलेले. शेजाऱ्यांना वाटायचं स्कूटर बंद पडली, ते धक्का द्यायला पुढे यायचे. वडिलांची प्रार्थना ऐसपैस असायची. त्यात रस्ता यायचा, ब्रेक यायचे, समोरून येणारे ट्रकवालेसुद्धा यायचे. आमेन झालं की मग किक. डोळे मात्र घट्ट मिटायचे, त्याला माफी नव्हती. संडेस्कूलच्या बाई पापण्या थरथरल्या तरी नाव पुकारायच्या. त्यामुळे ‘प्रभू’ हा शब्द मनात आला की माझे डोळे आपोआप मिटतात, शिंक येताना मिटतात तसे.

या सवयीनं मला अमेरिकेत ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास केलं.

नव्वदच्या दशकात आम्ही मिनेसोटात, मिनीॲपोलिसजवळच्या ईडन प्रेरीला राहायचो. घर छान, शाळा छान, तळं छान, पण दूध संपलं तरी गाडी काढावी लागायची. आमच्या बाजूला बस फिरकायची नाही. पहिली काही वर्षं माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार लोकांना कामाला लावणारी मी, इथे नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून ‘आता डावीकडे’ एवढंच म्हणायची, आणि तेही तो ऐकायचा नाही. कुठे जायचं, कधी जायचं, कधी परतायचं, सगळं दुसऱ्याच्या सवडीनं. मला त्याचा किती राग यायचा हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, देव सोडून.

मग ग्रीन कार्ड आलं, आणि पाठोपाठ मिनीॲपोलिसच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला नोकरीही लागली. संध्याकाळची पाळी होती. तिथल्या सुपरवायझर बाईंनी हसत हसतच सांगितलं की नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं, पण यायची-जायची सोय तुमची तुम्ही बघा. नाही जमलं तर जागा रिकामी ठेवता येणार नाही. आणि नेमका तेव्हाच नवरा कंपनीच्या प्रोजेक्टसाठी टेक्ससला, अर्विंगला. एकाआड एक शनिवारी घरी येणार. घरात मी, आमची नऊ वर्षांची लेक आणि नगरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. लेकीकडे बघायला सासूबाई होत्या. मला फक्त लायसन्स हवं होतं.

पहिल्या परीक्षेत सगळं नीट चाललं होतं. शेवटी दोन पिवळ्या खांबांच्या मधे गाडी मागे घेत घेत लावायची होती. गाडी मागे जायला लागली, छातीत धडधड झाली आणि मी मनात म्हटलं, ‘प्रभू, सांभाळ.’ झालं. डोळे मिटले. उघडले तेव्हा मागचा खांब आडवा होता आणि शेजारी बसलेल्या परीक्षक बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

“मॅम, डिड यू जस्ट क्लोज युअर आईज?”

“आय वॉज प्रेइंग,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

त्या बाई मिनेसोटाच्या, म्हणजे सभ्यपणाचा कळस. “ओ, दॅट्स नाइस,” असं म्हणून त्यांनी मला शांतपणे नापास केलं.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं की प्रार्थनाच करायची नाही. गाडीत बसायच्या आधी नाही, नंतर नाही, मनातसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी आमेनशिवाय गाडी सुरू केली, आणि हात माझे नाहीतच असं वाटायला लागलं. पहिल्याच चौकात स्टॉपची पाटी समोर होती. मी ती पाहिली, आणि न थांबता पुढे गेले. सात मिनिटांत परीक्षा आटोपली.

घरी येऊन मी पर्स सोफ्यावर आपटली. प्रार्थना केली तरी नापास, नाही केली तरी नापास. आता पहिल्या सोमवारच्या आधी एकच तारीख मिळत होती, त्याच्या आधीचा शुक्रवार. मी स्वयंपाकघरात जाऊन देवाशी कडाकडा भांडले. इतकी वर्षं घरात बसवलंस, आता दार उघडून दाखवतोस आणि उंबऱ्यावर पाय अडकवतोस, हे काय वागणं झालं? लेक दारात उभी राहून ऐकत होती.

“मॉम, जस्ट डोन्ट क्लोज युअर आईज,” ती म्हणाली.

“तुला काय सांगायला जातंय!” मी तिच्यावरही खेकसले.

सासूबाई टेबलापाशी बसून लसूण सोलत होत्या. मिशन हॉस्पिटलात सारी हयात मेट्रन म्हणून घालवलेली ती बाई. कुणी रडायला लागलं तर रडून होईपर्यंत थांबायची आणि मग हुकूम सोडायची. माझं झाल्यावर म्हणाल्या, “उद्या मी येते तुझ्याबरोबर. मागे बसते.”

मला शिकवायला आमच्याच गल्लीतला एक नागपूरचा मुलगा यायचा. मुलगा म्हणजे तिशीचा, कॉम्प्युटरवाला, आंबेडकरी बौद्ध, देव-बीव अजिबात न मानणारा, पण मला लायसन्स मिळवून द्यायचंच अशा जिद्दीला पेटलेला. सकाळी आला तो सासूबाईंना म्हणाला, “जय भीम, आजी.”

“सलाम, बाळा,” सासूबाई म्हणाल्या. आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांचा नमस्कार तो. मग शाल गुंडाळून मागे बसल्या आणि स्वतःहून पट्टा लावला.

चर्चचं पार्किंग शनिवारी मोकळं असायचं. ऑक्टोबर संपत आला होता, गवत सकाळच्या दहिवरानं पांढरं झालं होतं. नागपूरकरानं दोन कचऱ्याचे डबे उभे केले आणि मला मधे गाडी घालायला सांगितली. मी गाडी मागे घेतली. धडधड. डोळे. डबा.

“ताई, यार!” तो कळवळला. “अहो, तुमचा देव काय ते बघून घेईल. तुम्ही आरशात बघा ना!”

मागून सासूबाईंचा आवाज आला. “थांबव गाडी.”

मी थांबवली.

“डोळे का मिटतेस?”

“प्रार्थना करते, आई.”

“ते कळलं मला. डोळे का मिटतेस?”

डोळे मिटूनच प्रार्थना करतात. मी तसं म्हटलं.

“अगं, मी बाळंतपणं केली आयुष्यभर,” सासूबाई म्हणाल्या. “एकेक बाई अशी अडलेली यायची, बैलगाडीतून, दोन दोन दिवस कळा देऊन. डॉक्टर तालुक्याला गेलेले. माझे दोन्ही हात कामात, आणि तोंडानं प्रार्थना. मोठ्यानं. तिथे मी डोळे मिटले असते तर त्या पोराला काय प्रभूनं खाली वाकून झेलायचं होतं?”

नागपूरकर खो खो हसायला लागला. मला हसू येईना.

“पण आई, डोळे उघडे ठेवले की माझं मन लागत नाही. सगळं समोर दिसत राहतं.”

“मग जे दिसतं त्याचीच कर ना प्रार्थना. तू सारखी मागत बसतेस. सांभाळ, वाचव, पास कर. मागायला डोळे मिटले तरी चालतं. आभार मानायचे तर बघावंच लागतं, कशाचे मानायचे ते. आता मागू नकोस काही. दिसेल त्याचे आभार मान. आणि मोठ्यानं बोल, मला ऐकू आलं पाहिजे.”

मेट्रनचा हुकूम होता. मी गाडी पुढे घेतली, पुन्हा मागे घ्यायला लागले आणि भीत भीत सुरुवात केली. “प्रभू, या आरशाबद्दल तुझे आभार मानते. आरशात तो हिरवा डबा दिसतोय, त्याच्याबद्दल आभार.” मला फार वेडपट वाटलं. “डबा अजून लांब आहे, त्याबद्दल आभार. आता जवळ आला, तो दिसतोय, आभार.”

“आता चाक वळवा, ताई,” नागपूरकर म्हणाला.

“चाक वळतंय, त्याबद्दल आभार.”

“आमेन,” मागून सासूबाई.

गाडी दोन डब्यांच्या मधे जाऊन उभी राहिली. कुठलाही डबा पडला नव्हता. नागपूरकर उतरून चारी बाजूंनी बघून आला, म्हणाला, “मी मानत नाही हां काही. पण हे असंच करा.”

पुढचे सगळे दिवस मी नागपूरकराला शेजारी बसवून ईडन प्रेरीभर आभार मानत फिरले. काचेवरच्या वायपरचे आभार, पिवळ्या स्कूलबसचे आभार, मेलबॉक्सपाशी वाकलेल्या म्हाताऱ्याचे आभार. आणि गंमत अशी झाली की मला ते गाव पहिल्यांदा दिसायला लागलं. इतकी वर्षं मी तिथून नेली-आणली जात होते. कुठल्या चौकात मेपलचं झाड आहे, कुठल्या घरापुढे चाकाची खुर्ची उतरवायला फळी बांधली आहे, काही मला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून मी प्रार्थना करत आले, पण प्रार्थना करताना जग बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला मनापासून आनंद झाला. कृतज्ञता हा शब्द मी शेकडो वेळा उपासनेत म्हटला असेन. त्याची चव त्या आठवड्यात कळली.

शुक्रवारी परीक्षक म्हणून त्याच बाई आल्या. त्यांनी मला ओळखलं हे त्यांच्या भुवयांवरून कळलं. मी ठरवलं, आधीच सांगून टाकू.

“आय विल बी प्रेइंग,” मी म्हटलं. “लाउडली. इन मराठी. बट विथ ओपन आईज.”

त्यांनी क्षणभर विचार केला. “दॅट्स फाइन, मॅम. जस्ट स्टे अंडर थर्टी.”

मी किल्ली फिरवली आणि सुरू झाले. या बाईंबद्दल आभार, प्रभू, त्या आज पुन्हा माझ्या गाडीत बसल्या, म्हणजे त्या धीराच्या आहेत. स्टॉपच्या पाटीबद्दल आभार. ती लाल आहे, मला दिसतेय, मी थांबतेय. डावीकडून येणाऱ्या निळ्या गाडीबद्दल आभार, ती आधी जाऊ दे. बाबागाडी ढकलणाऱ्या त्या आईबद्दल आभार. आवाज आधी कापत होता, मग सुटला. पुढच्या वळणावर जंगली बदकांचा, इथे ज्यांना गीज म्हणतात त्यांचा, एक कळपच्या कळप रस्ता ओलांडायला उतरला. दक्षिणेला निघालेली ती बदकं, कुणाच्या बापाला न भिणारी. मी ब्रेक दाबला आणि एकेका बदकाचे आभार मानत बसले. परीक्षक बाई आधी घड्याळाकडे बघत होत्या, मग खिडकीतून बदकांकडे बघायला लागल्या.

मग ते पिवळे खांब. धडधड झालीच. पापण्या जड झाल्या, खरंच झाल्या, जुनी सवय काही एका आठवड्यात मरत नाही. पण मी त्या ताणून उघड्या ठेवल्या आणि जवळजवळ ओरडलेच, “या खांबाबद्दल तुझे आभार, प्रभू! तो दिसतोय मला! दुसराही दिसतोय!” गाडी सरळ आत गेली. मी ब्रेक लावला. दोन्ही खांब ताठ उभे होते.

परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, फाडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “यू पास्ड.” दार उघडता उघडता वळल्या. “अँड थँक यू. आय नेव्हर लुक अॅट द गीज.”

बाहेर बाकावर सासूबाई आणि नागपूरकर थांबले होते. मी कागद हवेत नाचवला. नागपूरकर शिट्टी वाजवून उभ्या उभ्या नाचला. सासूबाई उठल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. लग्न झाल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मग काहीच झालं नाही अशा थाटात त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

“आता घरी ना?” मी विचारलं.

“घर पळून जातंय का? तुझं हॉस्पिटल दाखव.”

“आई, त्याला हायवेवरून जावं लागतं.”

“सोमवारी काय रानातून जाणारेस?”

मी हायवेवर गाडी घातली. ट्रक घोंघावत शेजारून गेले, मी ट्रकवाल्यांचे आभार मानले. हात माझेच होते, घट्ट आणि गरम. मागे नागपूरकर श्वास रोखून बसला होता. मी मिनीॲपोलिसला पोचले, बाहेर पडायचा रस्ता बरोबर पकडला आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पहिल्याच झटक्यात गाडी लावली. इथवर मला कुणी आणलं नव्हतं. मी आले होते. रडू आलं, ते मी येऊ दिलं.

सासूबाई खाली उतरल्या. शाल सारखी केली, हात मागे बांधले आणि राउंडला निघाल्याप्रमाणे ती इमारत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत नजरेनं तपासली. खिडक्या पाहिल्या, दरवाजा पाहिला, बाहेर आलेल्या दोन नर्सेसचे बूट पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ठीक आहे. सोमवारपासून रुजू हो.”