पोटाची नस्ती

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट कागदाशिवाय केलेली नाही, आणि यात मी त्यांचं लग्नसुद्धा धरतोय. मुलगी बघायला आले तेव्हा म्हणे त्यांनी कांदेपोह्यांची बशी आधी स्वच्छ केली, मग खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि एकेक मुद्दा विचारून त्यापुढे बरोबरच्या खुणा करत गेले. शेवटी सासरेबुवांनी न राहवून विचारलं, "मग, मुलगी पसंत?" तर म्हणाले, "तत्त्वतः." हे तत्त्वतः पुढे तीन आठवड्यांनी कायम झालं. त्या मुलीची धाकटी बहीण माझी बायको. मी त्या घरात जावई म्हणून पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा साडूंनी माझाही एक कागद तयार ठेवला होता. त्यावर माझ्या नावापुढे 'वजन बासष्ट किलो, खाण्यात कच्चा' असा शेरा होता. आज पंचवीस वर्षं झाली, शेरा तसाच आहे.

साडू बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत अधीक्षक. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात. आमच्याकडे मशीन बंद पडलं की माणूस धावतो, त्यांच्याकडे धावण्याआधी टिप्पणी लिहावी लागते, एवढाच काय तो आमच्यात फरक. आणि दुसरा फरक वजनाचा. साडू एकशे अठ्ठावीस किलो. पण या माणसाने आपलं पोट कधी शर्टात लपवलं नाही की फोटोत मागे उभं राहून झाकलं नाही. दर रविवारी सकाळी दिवाळे गावच्या मासळीबाजारात जाणार, ठरलेल्या कोळणीपुढे उभं राहून बोंबील हातात घेऊन जोखणार आणि घरी येऊन भाताच्या डोंगरावर कालवणाची नदी सोडणार. खाताना बोलणार नाहीत. कुणी बोललंच तर डावा हात वर करणार, म्हणजे 'बैठक चालू आहे'. धोंड्याच्या महिन्यात आम्ही दोघे जावई सासुरवाडीला शेजारी शेजारी पाटावर बसायचो तेव्हा सासूबाई मला वाढतच नसत. दोघांचं त्यांच्याच पानात वाढत आणि म्हणत, "हे जेवले की तुम्ही जेवल्यासारखंच."

बरं, जाड माणूस दिसला की आपल्याकडे ज्याला त्याला डॉक्टरकीचा झटका येतो. सेक्टरच्या बागेत सकाळी हात वर करून मोठमोठ्याने हसणारी मंडळी आहेत, त्यांनी साडूंना दुधी, मेथीचं पाणी, दालचिनी, एकवेळ जेवण, सोळा तास उपास, सगळं सुचवून झालं. साडूंनी ते सगळं करून पाहिलं होतं. होय, करून पाहिलं होतं. प्रत्येकाची तारीखवार नोंद त्यांच्याकडे आहे. आठ किलो जायचे, दहा यायचे. एका साखरपुड्यात आमचे एक दूरचे काका हातातली जिलबी नाचवत सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो, जरा तोंडावर ताबा ठेवा, सगळं होतं. इच्छाशक्ती पाहिजे." साडू शांतपणे म्हणाले, "काका, तुम्हाला चष्मा लागला तेव्हा मी म्हटलं होतं का, की जरा मन लावून बघा, दिसेल म्हणून?" काकांची जिलबी हातातच राहिली. मला त्या दिवशी साडूंच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

पण दोन वर्षांपूर्वी प्रकरण गंभीर झालं. साडूंचा झोपेत श्वास अडकायचा. घोरता घोरता एकदम सगळं गप्प व्हायचं, आणि ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, कोपराने ढोसायची तेव्हा कुठे पुन्हा श्वास सुरू व्हायचा. नाकावर लावायचं मशीन आणलं, तर हे झोपेत ते ओढून काढत. साडूंचे वडील याच अंगाचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. साडूंना तेव्हा छप्पन्न सुरू होतं. हा हिशोब त्यांच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, औषधं आणि पथ्य पुरे झालं, आता पोटाची शस्त्रक्रिया करून घ्या. आणि तिचे प्रकार अनेक आहेत, विचार करून ठरवा.

विचार करून ठरवा, असं सरकारी माणसाला सांगणं म्हणजे आगीत तेल. साडूंनी त्याच संध्याकाळी नस्ती उघडली. फाईलला त्यांच्याकडे नस्ती म्हणतात. वर सुवाच्य अक्षरात विषय : 'पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रकार निश्चित करणेबाबत.' मी म्हटलं, "साडू, ही नस्ती उठाठेव कशाला? डॉक्टर सांगेल ते करायचं." तर म्हणाले, "साडूबुवा, पोट माझं आहे. डॉक्टर शिफारस करेल, मंजुरी मी देणार."

त्या नस्तीतला तुलनात्मक तक्ता मी स्वतः वाचला आहे आणि एवढं नेमकं वैद्यकीय लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही. पोटात फुगा बसवण्यापुढे लिहिलं होतं, 'तात्पुरती नियुक्ती. सहा महिन्यांनी कार्यमुक्त. त्यानंतर मूळ स्थिती येण्याचा संभव.' पोटाला पट्टा बांधण्यापुढे, 'डॉक्टर स्वतःच नाखूश. विचारात घेऊ नये.' स्लीव्हपुढे, 'पोटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा रद्द. उरलेल्या केळ्याएवढ्या नळीवर संपूर्ण कामकाज. रद्द केलेली पदे पुन्हा निर्माण होणार नाहीत.' बायपासपुढे, 'वरच्या बाजूला छोटी पिशवी तयार करून ती पुढच्या आतड्याला जोडणे. जुने पोट जागेवरच, पण त्याच्याकडे जेवण जाणार नाही. साखरेला जास्त गुणकारी. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आजन्म.' आणि मिनी बायपासपुढे फक्त, 'वरीलप्रमाणेच, एक सांधा कमी.'

मग नस्ती नातेवाइकांत फिरली, अभिप्रायार्थ. माझ्याकडेही आली. मी खरं तेच लिहिलं, की मला भीती वाटते, चांगल्या चालत्या पोटाला कात्री लावू नये, त्यापेक्षा रोज तासभर चालावं. दुसऱ्या दिवशी खाली शेरा आला : 'अमान्य. अभिप्राय देणाराचे वजन बासष्ट किलो.' त्यांच्या धाकट्या भावाने लिहिलं, 'लोक काय म्हणतील?' त्याखाली, 'लोकांचे अभिप्राय मागवलेले नाहीत.' फक्त ताईचा रकाना कोरा राहिला. ती म्हणाली, "मी काही लिहिणार नाही. मी तुमच्या ऑफिसात कामाला नाही." साडूंनी तिच्या नावापुढे 'अप्राप्त' लिहून ठेवलं.

वाशीच्या हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर मी गेलो. सर्जन एक तरुण बाई होती, हुशार आणि हसरी. साडूंनी तिला मुद्देनिहाय प्रश्न विचारले. कापलेला भाग पुढे कुठे जातो, त्याची पोच मिळते का, इथपर्यंत. तिने सगळ्यांना न कंटाळता उत्तरं दिली. शेवटी साडू म्हणाले, "डॉक्टर, तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही कोणतं ऑपरेशन करून घ्याल?" ती म्हणाली, "काका, ते जळजळीवर आहे. छातीत-घशात ॲसिडिटीचा खूप त्रास असेल तर मी बायपास घेईन, कारण स्लीव्हने तो त्रास वाढू शकतो. नसेल तर स्लीव्ह." मग तिने साडूंनी भरलेला फॉर्म पाहिला. "तुम्हाला तर काहीच त्रास नाही. मग आपण स्लीव्हचा विचार करू. आधी दुर्बिणीची तपासणी वगैरे करूच." साडूंनी मान डोलावली. सुटलो एकदाचे, असं मलाही वाटलं. येताना त्यांनी गाडीतच स्लीव्हवर खूण केली.

आता फक्त ताईचा अभिप्राय राहिला होता, आणि एक अभिप्राय अप्राप्त असताना नस्ती बंद करणं साडूंच्या रक्तात नाही. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे असताना त्यांनी नस्ती तिच्यासमोर ठेवली, योग्य पानावर पिवळी पताका लावून. ती गवार निवडत होती. काय मनात आलं कोण जाणे, तिने हात पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तक्ता वाचून हसली. माझा अभिप्राय वाचून माझ्याकडे बघून नाक मुरडलं. आणि मग हॉस्पिटलच्या फॉर्मची प्रत आली. ताई थांबली.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"कुठे?"

"छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणे. पुढे काय लिहिलंय? वाचा."

साडूंनी वाचलं. "निरंक."

रकान्यात सांगण्यासारखं काही नसलं की सरकारी माणूस 'नाही' लिहीत नाही, 'निरंक' लिहितो. वर्षानुवर्षं दरमहा वर पाठवायच्या विवरणपत्रात साडूंनी हा शब्द इतक्या वेळा लिहिलाय, की 'तक्रारी' असा रकाना दिसला की त्यांचा हात आपोआप निरंक लिहितो. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं हो. त्यांनी विचारच केला नव्हता.

पण ताईचा आवाज असा चढला, की तसा मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. "निरंक? तीन उशा पाठीला लावून बसून झोपता तुम्ही! त्या गुलाबी औषधाच्या बाटल्या भंगारवाला मोजून नेतो माझ्याकडून! बारा वर्षं मी जागी आहे, अहो, बारा वर्षं! श्वास थांबला की मोजते, एक, दोन, तीन, चार, आणि मग कोपर मारते. आणि इथे लिहिताय, तक्रार निरंक? तुमचे बाबा असेच गेले. त्यांचंही सगळं निरंकच होतं. कुणाला कधी काही बोलले नाहीत आणि एक दिवस सासूबाईंच्या शेजारी..." माझी बायको उठून तिच्याजवळ गेली. साडू नस्तीकडे बघत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

मसाल्याच्या बरण्यांवर नावं घालायला ताईकडे एक हिरवं स्केचपेन असतं. तिने ते घेतलं, 'निरंक'वर काट मारली आणि आपल्या कोऱ्या रकान्यात लिहिलं : 'आहे. खूप आहे. डॉक्टरला खरं सांगणे.' आता हे मुद्दाम सांगायला हवं, की त्यांच्या कचेरीत हिरवी शाई फक्त मोठ्या साहेबांची. साडूंनी उभ्या हयातीत हिरव्या शाईला उलट शेरा मारलेला नाही. त्यांनी खिशातून आपलं निळं पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'आदेशाप्रमाणे.'

दुर्बिणीत दिसलं ते दिसलंच. अन्ननलिका खालून सुजलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे तपासणीत कळलंच असतं, पण बरं झालं तुम्हीच आधी सांगितलंत. स्लीव्ह रद्द, बायपास कायम. साडूंनी नस्तीत तसा फेरबदल केला, सही केली आणि ऑपरेशनला एखाद्या बैठकीला जावं तसे गेले. स्ट्रेचरवरून मला म्हणाले, "साडूबुवा, जुनं पोट आतच राहणार आहे बरं का. फक्त त्याच्याकडे काम नाही."

आज त्यांचं वजन ब्याऐंशी किलो आहे. आणि आता लोक काय म्हणतात? म्हणतात, सोपा मार्ग घेतला! ज्यांना हा सोपा वाटतो त्यांनी महिनाभर पाण्यावर आणि पातळ सूपवर राहून दाखवावं, घास तीस वेळा चावून दाखवावा, जेवताना पाणी पिऊ नये, गोळ्या जन्मभर घ्याव्यात, आणि एखादा पेढा जास्त झाला तर घाम फुटून, छाती धडधडून आडवं पडावं. मग माझ्याकडे या, बोलू. साडू स्वतः तर एवढंही बोलत नाहीत. फक्त विचारतात, "तुमचं वजन किती?" आणि खिशाकडे हात नेतात. समोरचा पळतो.

खरं सांगू? मला तो जाडा माणूस आठवतो. दिवाळ्याची कोळीण हल्ली त्यांना म्हणते, "साहेब, येवढंच? घरान कोनी नाय का?" आणि ते हसतात. गेल्या धोंड्याच्या महिन्यात पाटावर शेजारी बसलो, तर त्यांनी आपला धोंडा उचलला, डोळे मिटून वास घेतला आणि अलगद माझ्या पानात ठेवला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला.

मागच्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं झाली, बहिणी बोलत बसल्या आणि बोलता बोलता ताई सोफ्यावर कलंडली ती झोपलीच. भर दुपारी, खाली भंगारवाला ओरडत असताना. माझी बायको म्हणाली, "हल्ली ती कुठेही झोपते. परवा मेट्रोत झोपली. खारघरला उतरायचं होतं, पेंधरला पोचली." मी टीव्ही लावायला गेलो तर साडूंनी मला खुणेने थांबवलं. खुर्ची ओढून ते तिच्या पायाशी बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, नुसते बघत.

"बारा वर्षांचा अनुशेष आहे, साडूबुवा," ते अगदी हळू म्हणाले. "माझ्यामुळे राहिलेला. भरून निघायला वेळ लागणार."

त्यांच्या हातात कागद नव्हता. चार वाजता चहा झाला, तो मी आणि माझ्या बायकोने आत ओट्यापाशी उभ्यानेच घेतला. साडूंचा कप तिथेच झाकून ठेवला. ताई साडेपाचला उठली, तोपर्यंत ते खुर्चीवरून हलले नव्हते.